आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो फिक्सर

कुठल्याही क्रिकेटवेड्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जा आणि फक्त चार आकडे टाइप करा: २०१३. पाच मिनिटांत उत्तरं येतील. चेन्नईवाला म्हणेल, "ते मालकाच्या जावयाचं लफडं होतं, टीमचा काय संबंध?" राजस्थानवाला म्हणेल, "कोर्टाने सोडलं ना सगळ्यांना, मग विषय संपला." मुंबईवाला हसून लोळणारे इमोजी टाकेल आणि कुठूनतरी टॉवेलचा जुना मीम शोधून आणेल. आणि कुठल्याच टीमचा नसलेला एक शहाणा असतोच: "अरे, सगळंच फिक्स असतं. स्क्रिप्ट आधीच लिहिलेली असते."

ही चार उत्तरं दिसायला वेगळी आहेत, पण चारही जण एकच काम करतायत: प्रश्न बंद करण्याचं. माझं भांडण या चौघांशी आहे. घोटाळा कुणी केला, कुणी झाकला यावर समित्यांनी शेकडो पानं लिहिली. तो पचवला मात्र आपण, म्हणजे चाहत्यांनी. त्यावर कुणी पानभरही लिहीत नाही, कारण चाहत्याला कुणी दुखवत नाही. चाहता गिऱ्हाईक असतो.

काय झालं होतं

तुमच्यातले बरेच जण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील, म्हणून थोडक्यात सांगतो.

१५ मे २०१३ च्या रात्री वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्सची मॅच झाली. मॅच संपून काही तास होतायत तोच दिल्ली पोलिसांनी राजस्थानच्या तीन खेळाडूंना मुंबईतून उचललं: श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकित चव्हाण. आरोप स्पॉट-फिक्सिंगचा होता. मॅचचा निकाल विकायचा नाही, एखादी ओव्हर विकायची. ठरलेल्या ओव्हरमध्ये ठरल्याएवढ्या धावा द्यायच्या आणि त्याआधी बुकीला खूण करायची. मोहालीतल्या ९ मेच्या मॅचमध्ये श्रीशांतने कमरेला खोचलेला टॉवेल ही तशी खूण होती, असं पोलिसांचं म्हणणं होतं. तो टॉवेल देशभर गाजला.

आठवड्याभरात प्रकरण वरच्या मजल्यावर गेलं. २४ मेला मुंबई पोलिसांनी गुरुनाथ मय्यप्पनला सट्टेबाजीच्या आरोपाखाली अटक केली. चेन्नई सुपर किंग्जची मालकी इंडिया सिमेंट्सकडे, इंडिया सिमेंट्सचे सर्वेसर्वा एन. श्रीनिवासन, तेच श्रीनिवासन भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष, आणि गुरुनाथ त्यांचा जावई. दोनच दिवसांनी, २६ मेला, ईडन गार्डन्सवर ठरल्याप्रमाणे फायनल झाली. मुंबईने चेन्नईला २३ धावांनी हरवलं. मुंबईची ती पहिली आयपीएल ट्रॉफी. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर मुंबई इंडियन्स म्हणजे घरची टीम. घरात पहिली ट्रॉफी आल्यावर दोन दिवसांपूर्वीची अटक कोण कशाला आठवेल?

पुढे मंडळाने स्वतःच नेमलेल्या दोन निवृत्त न्यायाधीशांच्या समितीने मालकांना क्लीन चिट दिली. ती समितीच बेकायदा असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने ३० जुलै २०१३ ला सांगितलं. मग सर्वोच्च न्यायालयाने मुद्गल समिती नेमली, नंतर लोढा समिती. १४ जुलै २०१५ ला लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या दोन्ही टीमच्या मालक कंपन्यांना दोन वर्षांसाठी निलंबित केलं आणि गुरुनाथ मय्यप्पन व राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांच्यावर आजीवन बंदी घातली.

त्यानंतर अकरा दिवसांनी, २५ जुलैला, दिल्लीच्या न्यायालयाने तिन्ही खेळाडूंना आरोपमुक्त केलं. राजस्थानवाला चाहता बोट ठेवतो ते इथे, आणि इथेच जरा थांबायला हवं. पोलिसांनी लावला होता मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला आणि पुढे दिल्लीतही लागू झालेला कायदा. त्या कायद्याच्या मापात हे प्रकरण बसलं नाही. पैसे घेऊन मुद्दाम धावा देणं हा आपल्या देशात स्वतंत्र गुन्हा म्हणून कुठे लिहिलेलाच नव्हता. न्यायालयाच्या दृष्टीने हे तिघं गुन्हेगार नाहीत, हे आपण मान्य केलंच पाहिजे. मंडळाच्या शिस्तीत मात्र ते दोषी ठरले. त्यांच्यावर आजीवन बंदी आली, आणि श्रीशांत आणि चव्हाण यांच्या बाबतीत ती पुढे सात वर्षांवर आणली गेली. तोपर्यंत खेळायचं वय निघून गेलं होतं.

जावई आणि टॉवेल

आता या सगळ्यात चाहत्यांचा राग कुठे गेला ते बघा.

टॉवेलवर हजारो विनोद झाले. अंकित चव्हाण हा मुंबईच्या मैदानांवर वाढलेला, मुंबईकडून रणजी खेळलेला डावखुरा फिरकी गोलंदाज. म्हणजे आपल्यातलाच मुलगा. त्याचं नाव आपण असं पुसलं की आज नवीन चाहत्याला तो माहीतही नाही. खालच्या पायरीवरच्या माणसावर राग काढणं सोपं असतं. त्याच्या नावाची जर्सी कुणी घेतलेली नसते.

आणि वरच्या पायरीचं काय? गुरुनाथला अटक होताच इंडिया सिमेंट्सने जाहीर केलं की तो टीमचा मालक नाही, सीईओ नाही, टीम प्रिन्सिपलही नाही, व्यवस्थापन गटाचा एक मानद सदस्य आहे फक्त. पुढे बचाव असाही झाला की तो नुसता क्रिकेटचा उत्साही प्रेमी होता. डगआउटमध्ये बसणारा, लिलावाच्या टेबलावर दिसणारा माणूस पकडला गेल्यावर एका रात्रीत 'फॅन' झाला! मुद्गल समितीने हा बचाव मान्य केला नाही. मला मात्र राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. चोरी लपवायला यांनी जो मुखवटा निवडला तो आपला होता, चाहत्याचा. चाहता म्हणजे ज्याला काही विचारायचं नसतं आणि ज्याला कुणी काही विचारत नाही, असा हिशेब त्यामागे होता. आपण तो खोटा ठरवला का?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्री सिस्टीम कोसळली आणि तपासात कळलं की एका ज्युनिअरने चुकीचं बटण दाबलं, तर बऱ्या टीममध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एकट्या माणसाला ते बटण दाबता आलंच कसं? ज्युनिअरला काढून टाकलं आणि कोड तसाच ठेवला, तर महिन्याभरात दुसरा कुणीतरी तेच बटण दाबणार.

क्रिकेट मंडळाच्या बाबतीत तो सदोष कोड अगदी नावानिशी दाखवता येतो: नियम ६.२.४. मंडळाच्या कुठल्याही पदाधिकाऱ्याचा मंडळाच्या सामन्यांत व्यावसायिक हितसंबंध नसावा, असा तो नियम होता. २००८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि आयपीएलला त्यातून वगळण्यात आलं. म्हणजे पंच नेमणाऱ्या, चौकशी लावणाऱ्या, शिक्षा ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाची स्वतःची टीम त्याच स्पर्धेत खेळू शकत होती, आणि तेही नियमात बसून. २२ जानेवारी २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. टॉवेलपेक्षा हजारपट मोठी बातमी होती ही. ६.२.४ वर तुम्ही एक तरी मीम पाहिलाय?

गहुंज्यातली ती रात्र

२०१८ मध्ये दोन्ही टीम परत आल्या. कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटलं होतं, त्यामुळे चेन्नईच्या घरच्या मॅच चेपॉकवरून हलवून पुण्याजवळ गहुंज्याला आणल्या. आमच्या खोपोलीचा घाट चढून गेलं की पलीकडेच ते स्टेडियम. चाहत्यांसाठी चेन्नईहून पुण्याला खास रेल्वेगाडी सोडण्यात आली, व्हिसलपोडू एक्स्प्रेस. सुमारे हजार माणसं पिवळे टी-शर्ट घालून देशाच्या एका टोकाहून आली.

२० एप्रिलच्या त्या मॅचमध्ये समोर कोण होतं? राजस्थान रॉयल्स. निलंबनातून परतलेल्या दोन टीम एकमेकींसमोर, आणि शतक ठोकलं शेन वॉटसनने, जो २०१३ मध्ये राजस्थानकडून खेळत होता आणि आता चेन्नईकडून. त्याच्या १०६ धावा, चेन्नईचा ६४ धावांनी विजय. महिन्याभराने वानखेडेवर फायनल, पुन्हा वॉटसनचं शतक, आणि ट्रॉफी चेन्नईकडे.

गोष्ट म्हणून हे झकास आहे, आणि आपण ती गोष्ट म्हणूनच ऐकली. जणू वनवास संपवून राम अयोध्येला परतला. अरे, रामाने वडिलांच्या शब्दाखातर वनवास भोगला होता! इथे सासऱ्याच्या टीमवर जावयाने लावलेल्या सट्ट्यासाठी निलंबन झालं होतं. शिक्षा भोगून परतणाऱ्याला माणसांनी पुन्हा आपलं म्हणावं, यात गैर काहीच नाही. पण शिक्षेला अन्याय म्हणायचं आणि परत येण्याला न्याय, हे कुठल्या हिशेबाने? त्या गाडीतून आलेल्या लोकांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. दोन दिवसांचा प्रवास माणूस खोट्या प्रेमापोटी करत नाही. पण इतकं प्रेम असलेल्या हजार माणसांनी स्टेडियमबाहेर एक कापडी फलक धरला असता, "आमच्या टीमचा हिशेब आम्हाला द्या", तर मालक कंपनीला ते कुठल्याही समितीपेक्षा जास्त झोंबलं असतं.

हा आजार आपलाच आहे असंही नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या ह्यूस्टन ॲस्ट्रोज टीमने २०१७ चं विजेतेपद मिळवलं त्या मोसमात कॅमेऱ्याने समोरच्या टीमच्या खुणा चोरल्या होत्या. पुढचा चेंडू कसा येणार हे आपल्या फलंदाजाला कळावं म्हणून आत कचऱ्याचा डबा बडवायचे. जानेवारी २०२० मध्ये शिक्षा झाली: ५० लाख डॉलर दंड, जनरल मॅनेजर आणि मॅनेजर वर्षभर निलंबित, आणि क्लबने त्याच दिवशी दोघांनाही काढलं. खेळाडूंना साक्षीच्या बदल्यात अभय मिळालं आणि ट्रॉफी काढून घेतली नाही. तिथे साहेब गेले आणि खेळाडू वाचले. आपल्याकडे खेळाडू संपले, आणि मोठे साहेब २०१४ च्या जूनमध्ये, प्रकरण न्यायालयात असतानाच, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष झाले. शिक्षेचा न्याय उलटा, पण चाहते सारखेच. लॉस एंजेलिसचे प्रेक्षक ह्यूस्टनच्या खेळाडूंवर हवा भरलेले कचऱ्याचे डबे फेकत होते, आणि ह्यूस्टनचे प्रेक्षक त्याच खेळाडूंसाठी उभं राहून टाळ्या वाजवत होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण जगभर लागू आहे.

वर्गणीचा हिशेब

आमच्याकडे भातकापणी झाली की उरणपासून श्रीवर्धनपर्यंत शेतं मोकळी होतात आणि पाऊस येईपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा चालतात. गाव मर्यादित स्पर्धा म्हणजे खेळाडू त्याच गावचा हवा. भांडणं होतात ती यावरूनच. एखादी टीम बाहेरचा तगडा बॅट्समन आणते, मग समोरची टीम आधार कार्ड मागते, मॅच थांबते, माइकवरून नावं घेतली जातात. आपल्या टीमने लबाडी केली तर गावही आधी तिचीच बाजू घेतं, खोटं कशाला बोलू. पण नंतरचा भाग महत्त्वाचा आहे. ज्यांनी टीमच्या जर्सीला आणि एन्ट्री फीला पैसे दिलेले असतात, ते संध्याकाळी देवळासमोर बसून विचारतात: "हा पोरगा कुणी आणला? आपली एन्ट्री पुढच्या वर्षी बंद झाली तर जबाबदार कोण?" गावाची इज्जत गेली म्हणून विचारतात. आपले पैसे आहेत म्हणून विचारतात. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब जसा वाचून दाखवावा लागतो, तसाच.

आयपीएलच्या चाहत्याला वाटतं की आपण वर्गणी देत नाही. मग २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले ते कशाच्या जोरावर? आपण स्क्रीनकडे बघतो, याच्या जोरावर. तुमचा डेटा, तुमची जर्सी, तुमचं तिकीट, ओव्हरच्या मधल्या जाहिरातीत जाणारा तुमचा वेळ, ही सगळी वर्गणीच आहे. गणपतीच्या एकावन्न रुपयांचा हिशेब मागणारा माणूस इथे मात्र हात जोडून उभा. कारण इथे त्याला भक्त म्हणून वागवलं जातं आणि त्यालाही ते आवडतं. 'थला' काय, 'देव' काय! भक्ताने नैवेद्य दाखवायचा, पावती मागायची नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: ज्या खेळाडूंनी काही केलं नाही आणि ज्या चाहत्यांनी फक्त प्रेम केलं, त्यांनी मालकाच्या पापाची शिक्षा का भोगावी? २०१५ च्या निलंबनावर हाच आक्षेप होता. पण टीम आणि मालक वेगळे काढायचे असतील तर ते रोजच वेगळे काढायला हवेत. ट्रॉफी जिंकल्यावर मालकाच्या दूरदृष्टीचे गोडवे गाताना टीम आणि मालक एक, आणि पोलीस दारात आले की दोन, असं चालत नाही. ज्याला खरोखर टीम वाचवायची आहे, त्यानेच मालकाला सगळ्यात आधी जाब विचारायला हवा.

"सगळंच फिक्स असतं"

आता त्या चौथ्या शहाण्याकडे येतो, कारण आज त्याचीच संख्या सगळ्यात जास्त आहे. शेवटच्या बॉलवर सिक्स बसली की त्याचा मीम तयार: स्क्रिप्टरायटरला ऑस्कर द्या. त्याला वाटतं आपण फसत नाही, आपण सगळ्यांच्या पुढे आहोत.

खरं तर फसवणाऱ्यासाठी याच्याइतका सोयीचा प्रेक्षक नाही. सगळंच फिक्स असेल तर अमुक ओव्हरची चौकशी कशाला? सगळेच चोर असतील तर ज्याच्यावर पुरावा आहे तोही गर्दीत सुटला. आणि हा शहाणा मॅच बघायचं सोडत नाहीच. म्हणजे वर्गणी पूर्ण आणि प्रश्न शून्य. भाबडा चाहता निदान काहीतरी खरं आहे असं मानतो, त्यामुळे त्याला कधीतरी धक्का बसू शकतो. याला धक्काही बसत नाही.

हा नुसता स्वभावाचा प्रश्न नाही, त्याची किंमत मोजावी लागली आहे. लोढा समितीच्या शिफारशींमधून मंडळाला नवी घटना मिळाली: एका राज्याला एकच मत, आणि पदावर राहून झाल्यावर सक्तीची विश्रांती. हा त्या सदोष कोडवरचा पॅच होता. ऑगस्ट २०१८ मध्ये एक राज्य एक मत सैल झालं, आणि मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ या तिन्ही संघटनांना पुन्हा पूर्ण मत मिळालं. मुंबई आणि विदर्भ क्रिकेटचा इतिहास पाहता त्या निर्णयाच्या बाजूनेही बोलता येतं, पण बोललं कोण? १४ सप्टेंबर २०२२ ला सक्तीच्या विश्रांतीचा नियमही मंडळाच्या विनंतीवरून सैल झाला. त्याच आठवड्यात टी-ट्वेंटी विश्वचषकाची टीम जाहीर झाली होती आणि कोणाला घेतलं, कोणाला वगळलं यावर आपण एकमेकांची डोकी फोडत होतो.

सट्ट्याचंही तेच. टीमशी संबंधित माणसाने पैसे लावले म्हणून २०१५ मध्ये दोन टीम घरी बसल्या. पाच वर्षांनी, २०२० मध्ये, आयपीएलच्या नावापुढे ड्रीम इलेव्हनचं नाव लागलं. २०२३ पासून ते नाव थेट भारताच्या जर्सीवर होतं. न्यायालयांनी फँटसी क्रिकेटला कौशल्याचा खेळ मानलं होतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी कायद्याने एक नाहीत. पण मॅचआधी टीम लावून पैसे घालणाऱ्या पोराला विचारा, त्याला त्यात किती फरक वाटत होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि जर्सीवरचं नाव गेलं. ते चाहत्यांनी आक्षेप घेतला म्हणून गेलं नाही. आपल्याला आक्षेप नव्हताच.

मग करायचं काय

मॅच बघणं सोडा, असं मी सांगणार नाही. सोडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. बघत राहा, ओरडा, पण वर्गणीदारासारखे वागा.

पहिली मागणी कायद्याची. पैसे घेऊन खेळात लबाडी करणं हा गुन्हा असावा, असं लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये सांगितलं. त्याआधी २०१३ मध्ये केंद्राने मसुदाही केला होता. तो कायदा झाला नाही. तो झाला असता तर उद्या निर्दोष खेळाडूला निर्दोष म्हणून सुटता आलं असतं आणि दोषीला कायद्याच्या फटीतून जाता आलं नसतं. "कोर्टाने सोडलं" म्हणणाऱ्या राजस्थानच्या चाहत्याला तर हा कायदा सगळ्यात आधी हवा असायला हवा.

दुसरी मागणी त्या बंद लिफाफ्याची. मुद्गल समितीने फेब्रुवारी २०१४ मध्ये अहवालासोबत सर्वोच्च न्यायालयाला एक सीलबंद लिफाफा दिला. त्यातला खेळाडूंबद्दलचा भाग लोकांसमोर खुला झाला नाही. न तपासलेल्या आरोपांनी कुणाचं नाव खराब होऊ नये, हे कारण मला पटतं. मग तपासा, आणि ज्यांच्यावर काही सिद्ध होत नाही त्यांना तसं लेखी सांगून मोकळं करा. ज्यांच्यावर खरंच संशय होता आणि ज्यांच्यावर नव्हता, ते सगळे एकाच लिफाफ्यात बंद आहेत, ही निर्दोष खेळाडूंची चेष्टा आहे.

तिसरी मागणी आपल्याच माणसांकडे. ग्रुपवर पुढच्या वेळी आपल्या टीमबद्दल काही बाहेर आलं, तर "आधी तुमच्या टीमचं बघा" हे वाक्य टाइप करायच्या आधी थांबा. समोरच्या टीमचा चाहता ओरडणारच, पण त्याच्या ओरडण्याने तुमच्या मालकाला काही फरक पडत नाही. त्याला भीती एकाच माणसाची असते: त्याची जर्सी घातलेला आणि तरीही प्रश्न विचारणारा. तो माणूस चेन्नईचा असेल तर चेन्नईबद्दल विचारेल, राजस्थानचा असेल तर राजस्थानबद्दल. आणि मुंबईचा असेल तर उद्या आपल्यावर वेळ आली तेव्हा इमोजी टाकून पळणार नाही, हे आज ठरवून ठेवेल.